पाहुणे दीडशे, मग केक किती इंची घ्यायचा?

मे महिन्यात गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर मामेबहिणीचं रिसेप्शन होतं. केक तीन टियरचा, म्हणजे एकावर एक तीन मजल्यांचा, 6, 8 आणि 10 इंच व्यासाचा, आणि घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवलेलं की एवढा उंच केक दीडशे जणांना आरामात पुरेल. सुरी माझ्या हातात होती. साठएक प्लेटा गेल्या आणि केक संपला, लाईनीत उभी असलेली बारकी पोरं तशीच परत गेली, ते मला फार लागलं. रात्री वही घेऊन हिशोब मांडला तेव्हा कळलं की बेकरची काहीच चूक नव्हती, अंदाज आमचाच चुकला होता.

आपण केक डोळ्यांनी मोजतो आणि डोळ्याला आधी दिसते उंची. पण किती तुकडे निघणार हे ठरतं केक भाजायच्या टिनच्या क्षेत्रफळावर, म्हणजे शाळेत घोकलेलं तेच पाय आर वर्ग. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून 12 इंची केक म्हणजे 6 इंचीच्या चार केकांएवढा. लग्नाच्या केकचा तुकडा बरेच बेकर साधारण 1 इंच रुंद, 2 इंच लांब आणि 4 इंच उंच धरतात. म्हणजे एका तुकड्याला वरून 2 चौरस इंच जागा लागते. त्या मापाने बेकरांच्या तक्त्यात साधारण असे आकडे असतात, 6 इंची गोल केकमधून 12 तुकडे, 8 मधून 24, 10 मधून 38, 12 मधून 56 आणि 14 मधून 78. आमच्या केकची बेरीज करा, 12 अधिक 24 अधिक 38, झाले 74. दीडशे कुठून पुरणार?

तक्ता पाठ करायची गरज नाही, व्यासाचा वर्ग करायचा, त्याचे पाच भाग करायचे आणि दोन घ्यायचे. 10 चा वर्ग 100, पाचातले दोन भाग म्हणजे 40, त्यातून कापताना वाया जाणारे एकदोन सोडा, उत्तर बरोबर येतं.

आता एक गोष्ट मला स्वतःला खूप भारी वाटते ती सांगतो. 12 इंची केकच्या कडेपासून आत 2 इंचावर गोल चीर दिली तर त्या बाहेरच्या कड्यातच अर्ध्याहून जास्त केक असतो, 36 भागांतले 20. मधला सगळा 8 इंची गोल मिळून उरलेले 16. म्हणूनच वरचा टियर 6 चा 8 केला तर 12 तुकडे वाढतात आणि खालचा 12 चा 14 केला तर 22, वाढवायचे दोन्हीकडे 2 इंचच. पाहुणे वाढले की खालचा टियर वाढवा. कापायचंही असंच, आधी 2 इंचावर गोल चीर आणि मग त्या कड्याचे इंच इंच रुंद तुकडे. बर्थडेला कापतो तसे त्रिकोण मी त्या दिवशी कापत बसलो आणि बाहेरच्या बाजूला तुकडे जाड होत गेले, त्यामुळे 74 चे साठच झाले.

चौकोनी टिन घेतला तर त्याच इंचात साधारण सव्वापट केक मिळतो, 10 इंची चौकोनात 50 तुकडे.

किलोचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. केक त्याच आकाराच्या पाण्याच्या निम्म्या वजनाचा धरला तर वरच्या मापाचा तुकडा 65 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे किलोत पंधराएक तुकडे. पण क्रीम जास्त की फोंडंट, म्हणजे वरचं साखरेचं जाड आवरण, जास्त यावर हे लगेच बदलतं, म्हणून ऑर्डर देताना किलोसोबत इंच आणि उंची दोन्ही लिहून घ्या.

12 इंचीवर 10, 8, 6 चढवले की याच हिशोबाने खालच्या स्पंजवर पाच किलोच्या वर वजन बसतं. स्पंज म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचा फेसच, तो दबतो. म्हणून आत काड्या उभ्या करतात, बेकर त्यांना डॉवेल म्हणतात, आणि वरच्या टियरखाली एक पुठ्ठा असतो. वजन पुठ्ठ्यावरून काड्यांवर आणि काड्यांवरून थेट खालच्या बोर्डावर जातं, स्पंजला काही झेलावं लागत नाही. त्यात आपल्याकडचा मे, बटर 32 ते 35 डिग्रीलाच वितळायला लागतं आणि दुपारी लॉन्सवर सावलीतसुद्धा तेवढं तापमान सहज असतं, त्यामुळे मोठा केक संध्याकाळपर्यंत बाहेर काढूच नये.

डिसेंबरात धाकट्या मामेभावाचं लग्न आहे, केक दोनशे जणांना. मामींना सांगितलंय, समोर मांडायला तोच 6-8-10, त्याचे 74, आणि मागे किचनमध्ये 12 इंची चौकोनी साधे केक दोन, प्रत्येकी 72 तुकडे. एकूण 218. चव तीच, फक्त वर फुलं नाहीत. मामी म्हणाल्या, सुरी यावेळी पण तुझ्याच हातात.