सुगंधी स्लाइम आणि सियागंजातला सुहागा

मे महिना लागला की इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून राजेंद्र नगरापर्यंत, सुट्टीतल्या शिबिरांच्या जाहिराती फिरू लागतात. संस्कारवर्ग, हस्ताक्षर, मातीकाम, आणि हल्ली हमखास ‘सुगंधी स्लाइम’, म्हणजे हातात ताणून खेळायचा लिबलिबीत गोळा. यंदा मोबाइलवर आलेल्या एका जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं: ‘शंभर टक्के केमिकल-फ्री, बोरॅक्स-फ्री!’ खाली साहित्य: पांढरा गोंद, खाण्याचा सोडा, कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याचं द्रावण, आवडीचा सुगंध.

आता गोंद हे केमिकल, सोडा हे केमिकल आणि पाणीही केमिकलच. ते सोडून देऊ. पण लेन्सच्या बऱ्याच द्रावणांत बोरिक आम्ल आणि त्याचे क्षार असतात, आणि सोडा घालायचा तो त्यांना कामाला लावण्यासाठीच. म्हणजे बोरॅक्सची पूड वेगळी घातली नाही हे खरं, पण बोरॅक्समधलं कामाचं मूलद्रव्य, बोरॉन, त्यात आहेच. ते नसतं तर गोंदाचा स्लाइम झालाच नसता.

बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. इंदूरच्या सियागंज बाजारात मात्र ‘सुहागा’ म्हणून मागावा लागतो. सराफ्यात रात्री खाऊगल्ली भरते, पण दिवसा तिथला कारागीर सोन्याला डाग देताना हाच सुहागा वापरतो. तो वितळतो आणि धातूवर चढलेली ऑक्साइडची पुटं विरघळवून टाकतो. कॅरमवर भुरभुरायची बोरिक पावडर हीदेखील याच घराण्यातली.

फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. ते एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून सोबत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं. आपल्या कामाचं ते हे दुसरं. हजारो कड्यांची लांबलचक साखळी, आणि जवळजवळ प्रत्येक कडीला लोंबणारा एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. नुसत्या पाण्यात या साखळ्या एकमेकींवरून घसरत राहतात, म्हणून गोंद ओतता येतो.

बोरॉनच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन तीनच. तीन बंध केले तरी त्याच्याभोवती सहाच इलेक्ट्रॉन होतात; स्थिर व्हायला लागणारं आठाचं कोष्टक पुरं होत नाही, एक जागा रिकामी राहते. पाण्यात हायड्रॉक्साइड आयन असले की त्यातला एक त्या जागी येऊन बसतो. सपाट, उदासीन बोरिक आम्लाचा मग चार हातांचा, ऋणभारित बोरेट आयन होतो. बोरॅक्स पाण्यात विरघळला की निम्मं बोरॉन बोरिक आम्लाच्या रूपात असतं आणि निम्मं बोरेटच्या, आणि द्रावणाचा पीएच ९.२ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी, ठरतो. बोरेटचे दोन हात एका साखळीवरच्या शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिलांशी जुळतात, पाण्याचे रेणू बाहेर पडतात. उरलेले दोन हात दुसरी साखळी धरतात. झाला पूल. असे असंख्य पूल झाले की सगळ्या भांड्यात एकच जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं.

इथवर शाळेतल्या पुस्तकातही असतं. खरी गंमत पुढे आहे. हे पूल कायमचे नसतात. एकेक पूल साधारण सेकंदाच्या आगेमागे टिकतो, तुटतो, आणि शेजारी दुसरीकडे नवा जुळतो. तुम्ही स्लाइम सावकाश ओढलात तर जुने पूल सुटायला आणि नवे जुळायला वेळ मिळतो, म्हणून तो लांबत जातो, ओघळतो. झटका दिलात तर सुटायला सवडच नाही, आणि मग तो चक्क तुकडा पडल्यासारखा तुटतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर एकमेकांचे खांदे धरून उभी असलेली गर्दी आठवा: हळूहळू सरकणाऱ्याला वाट मिळते, धावत घुसणाऱ्याला भिंत लागते. पदार्थ घन की द्रव, हे नुसतं त्या पदार्थावर ठरत नाही. आपण त्याला किती वेळ देतो यावरही ठरतं. मार्कस रायनर या शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये यासाठी एक अंकच सुचवला, डेबोरा अंक. पदार्थाला आतून सावरायला लागणारा वेळ भागिले आपण निरीक्षण करतो तो वेळ. उत्तर एकापेक्षा पुष्कळ मोठं आलं तर पदार्थ घनासारखा वागतो, पुष्कळ लहान आलं तर द्रवासारखा.

उष्णतेने पुलांचं आयुष्य घटतं. म्हणून एकाच स्लाइमचा एक गोळा दुपारी गच्चीवर आणि एक कूलरसमोर ठेवा. इंदूरचा पारा चाळिशीपार असताना गच्चीवरचा पसरून थाळीभर होतो. मुलांना सूत्रांपेक्षा हे लवकर पटतं.

दुसरा प्रयोग लिंबाचा. स्लाइमवर थोडं लिंबू पिळून मळा. आम्ल हायड्रॉक्साइड पळवतं, बोरेटचं पुन्हा तीन हातांचं बोरिक आम्ल होतं, पूल कोसळतात आणि हातात चिकट रस्सा उरतो. आता चिमटीचिमटीने खाण्याचा सोडा घाला. फसफसतं, आणि जाळं परत धरू लागतं.

करायची रीत सोपी. अर्धी वाटी गोंद, तेवढंच पाणी. वेगळ्या भांड्यात पेलाभर कोमट पाण्यात सपाट चमचा सुहागा पूर्ण विरघळवायचा आणि ते पाणी गोंदात थोडं थोडं घालत ढवळायचं. सगळं एकदम ओतलं की बाहेरून रबर आणि आतून गोंद राहतो. सुगंध मात्र सुहाग्याच्या आधी, गोंदातच मिसळायचा. अत्तर तेलकट असतं, पण पॉलिव्हिनाइल अल्कोहोल तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवू शकतं. दोन-चार थेंब पुरतात.

तो सुगंध किती टिकेल? जाळ्याची भोकं वासाच्या रेणूंपेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळे जाळं काहीच अडवत नाही. रेणू किती हलका, यावर बरंच ठरतं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, रेणुभार १३६, या उन्हात भराभर उडून जातं. वाळ्यातल्या खुसिमोलचा रेणुभार २२०, त्यामुळे तो रेंगाळतो. शिवाय आपलं नाक सतत येणाऱ्या वासाला सरावतं, म्हणून आपल्याला उडाल्यासारखा वाटलेला वास बाहेरून आलेल्या माणसाला येतोच. या वासाने मुलांची एकाग्रता वाढते वगैरे जाहिरातीतलं वाक्य मी हसून सोडून दिलं. पण आंबा आणि स्ट्रॉबेरी नकोतच. खाऊचा वास आला की लहान मूल ते तोंडात घालणार. मोगरा बरा.

सुहागा पोटात जाता कामा नये. पावडर मोठ्यांनी विरघळवावी, हाताला जखम असेल तर खेळू नये, खेळून झालं की साबणाने हात धुवावेत, आणि पाचाखालच्या मुलांना हा खेळ देऊच नये. युरोपात चिकट खेळण्यांतून सुटणाऱ्या बोरॉनवर किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मौज अशी की स्लाइमला घाबरणाऱ्या घरांतच बाळाचं तोंड आलं की टाकणखाराची लाही, म्हणजे भाजून फुलवलेला टाकणखार, मधात कालवून जिभेला लावतात. १९८३ च्या एका वैद्यकीय अहवालात सात तान्ह्या बाळांना आलेल्या झटक्यांची नोंद आहे. त्यांच्या चोखणीला बोरॅक्स आणि मधाचं मिश्रण लावलं जात होतं. आजीचा बटवा असला तरी ही पुडी त्यातून काढून टाकायला हवी.

गोंदच हवा असंही नाही. १९७६ मध्ये मॅटेल कंपनीने हिरव्या स्लाइमचे डबे विकायला काढले, त्यात बोरॅक्ससोबत ग्वार गम होता, म्हणजे आपल्या गवारीच्या बियांची पूड. गवारीच्या साखळीवरही हायड्रॉक्सिलांच्या सोयीस्कर जोड्या असतात. हीच गवार-बोरेटची जेली अमेरिकेत खडक फोडून तेल आणि वायू काढायला जमिनीत दाबतात. वाळू तळाशी न बसू देता भेगांपर्यंत नेणं हे तिचं काम. २०१२ च्या सुमारास त्या मागणीमुळे राजस्थानातल्या गवारीचे भाव गगनाला भिडले होते.

आणि सतरंजीवर स्लाइम सांडलाच, तर खरडत बसू नका. वाळायच्या आत व्हिनेगर ओता, दहा मिनिटं थांबा, कोमट पाण्याने धुवा. कारण वर लिंबाच्या प्रयोगात आलंच आहे.