लघुतम सामाईक विभाज्य (लसावि)

दिलेल्या दोन किंवा अधिक नैसर्गिक संख्यांपैकी प्रत्येकीने ज्यांना निःशेष भाग जातो, अशा संख्यांतील सर्वांत लहान संख्येला त्यांचा लघुतम सामाईक विभाज्य म्हणतात. शाळेत ‘लसावि’ हे संक्षिप्त रूप रूढ आहे. जुन्या पुस्तकांत ‘सामाईक’ऐवजी ‘साधारण’ हा शब्द आढळतो. लसावि किती मोठा येईल हे संख्यांच्या आकारापेक्षा त्या कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनल्या आहेत यावर ठरते : १७ आणि १९ यांचा लसावि ३२३ आहे, तर त्यांच्याहून कितीतरी मोठ्या ४८ आणि ६० यांचा केवळ २४०.

दोन भिन्न मूळ संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो, म्हणून त्यांचा गुणाकार हाच त्यांचा लसावि. एक संख्या मूळ आणि दुसरी संयुक्त असेल तर दोनच शक्यता उरतात. कोकणातील एखाद्या वाडीत नारळांचे पाडप दर ४५ दिवसांनी होते आणि गावचा आठवडा बाजार दर ७ दिवसांनी भरतो असे समजू. आज पाडप आणि बाजार एकाच दिवशी आले, तर ते पुन्हा एकत्र येण्यास ४५ × ७ म्हणजे ३१५ दिवस लागतील, कारण ४५ = ३ × ३ × ५ यात ७ हा अवयव नाही. पाडप तीन दिवस अलीकडे घेऊन ४२ दिवसांनी केले, तर ४२ ला ७ ने भाग जात असल्याने ४२ हाच लसावि होतो आणि प्रत्येक पाडप बाजाराच्या दिवशीच येते.

दोन्ही संख्या संयुक्त असल्या की विद्यार्थ्यांची गफलत होते, आणि ती बहुधा मूळ संख्यांचा नियम जसाच्या तसा पुढे नेल्यामुळे होते. १२ आणि १८ यांचा गुणाकार २१६ येतो, पण लसावि ३६ आहे. उलट, संयुक्त संख्यांना सामाईक अवयव असलाच पाहिजे असेही नाही : ८ आणि १५ या दोन्ही संयुक्त असूनही परस्परांशी सहमूळ आहेत व त्यांचा लसावि १२० आहे.

मूळ अवयवांच्या पद्धतीत प्रत्येक मूळ अवयव ज्या संख्येत सर्वाधिक वेळा येतो, तितक्या वेळा घेतात. हापूस आंब्याच्या चार, पाच आणि सहा डझनी पेट्यांत अनुक्रमे ४८, ६० आणि ७२ फळे बसतात. ४८ = २ × २ × २ × २ × ३, ६० = २ × २ × ३ × ५ आणि ७२ = २ × २ × २ × ३ × ३. चार वेळा २, दोन वेळा ३ आणि एकदा ५ घेतले की लसावि ७२० येतो, म्हणजे साठ डझन. एवढी फळे तिन्हींपैकी कोणत्याही एकाच आकाराच्या पेट्यांत एकही न उरता भरता येतात. बागायतदार हा हिशोब डझनांतच करील, कारण ४, ५ आणि ६ यांचा लसावि ६० हे तोंडी सांगता येते, आणि गणिताच्या दृष्टीनेही हा सामाईक १२ आधी बाजूला काढण्याचा अगदी योग्य मार्ग आहे.

दोन संख्यांचा लसावि आणि त्यांचा महत्तम सामाईक विभाजक (मसावि) यांचा गुणाकार त्या दोन संख्यांच्या गुणाकाराइतका असतो. ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’च्या सातव्या ग्रंथात दोन संख्यांचा लसावि काढण्याची रीत दिली आहे. तीन संख्यांना मात्र गुणाकाराचे हे सूत्र सरसकट लागू पडत नाही, ही सूचना वर्गात ठळकपणे द्यायला हवी. भारतात इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसावि वापरला आणि त्याला ‘निरुद्ध’ असे नाव दिले. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले.

समुद्राची भरती पुन्हा दिवसाच्या त्याच वेळेला कधी येईल, हेही लसाविने काढून पाहता येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. ही ७४५ मिनिटे आणि दिवसाची १४४० मिनिटे यांचा मसावि क्रमवार भागाकाराने काढल्यास ६९५, ५०, ४५ आणि ५ अशा बाक्या येतात व शेवटी ५ ने निःशेष भाग जातो. म्हणून लसावि ७४५ × १४४० ÷ ५ = २,१४,५६० मिनिटे, म्हणजे नेमके १४९ दिवस. हा आकडा अकस्मात आलेला नाही : ७४५ = ५ × १४९, आणि १४९ ही मूळ संख्या १४४० मध्ये कुठेही नाही. हेच अंतर साडेबारा तासांचे, म्हणजे ७५० मिनिटांचे धरले तर मसावि ३० होतो आणि लसावि अवघ्या २५ दिवसांवर येतो. पाच मिनिटांच्या फरकाने १४९ चे २५ व्हावेत, यातून लसाविची एक मर्यादाही दिसते : तो पूर्णांकांचा असतो, आणि मोजमाप जरा सरकले की सर्वस्वी बदलतो. समुद्राच्या भरतीचे अंतर रोज थोडे कमीअधिक होते. त्यामुळे किनाऱ्यावरचे लोक भरतीच्या वेळेसाठी असा लसावि काढत बसत नाहीत. ते तिथी पाहतात आणि तिची पाऊणपट करून वेळेचा अंदाज बांधतात.