काचेवरचे करंडे

"मामा, सगळं पाणी फेकून नवं भरूया का?"

म्हापशाहून भाच्याचा फोन. तीन आठवड्यांपूर्वी त्याने चाळीस लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. पांढरी वाळू, चार दगड, एक छोटा पंप. आता त्या वाळूवर कुणी कोको पावडर भुरभुरावी तसा तपकिरी थर चढला होता. काच धुरकट. बोटाने पुसली की स्वच्छ, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटलं, काही फेकू नकोस, आधी बाटलीत थोडं घेऊन ये.

शाळेच्या प्रयोगशाळेत चारशे पटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला आणि भाचा पाच मिनिटं डोळा काढेना. सोनेरी होडकीच होडकी! वल्हं नाही, शीड नाही, तरी सरळ रेषेत सरकत होती. वाळूच्या कणाला आपटली की न वळता तशीच उलटी मागे. यांच्या अंगावर एक लांबट फट असते. तिच्यातून चिकट स्राव सोडून त्याच्या आधाराने ही मंडळी घसरतात.

हे डायटम. मत्स्यपालक त्यांना सरसकट तपकिरी शैवाल म्हणतात, पण खरं तपकिरी शैवाल म्हणजे हणजूणच्या खडकांवर उगवणारं सारगॅसम. डायटम त्याचे दूरचे नातेवाईक आणि एकपेशीय. रंग मात्र दोघांचाही फ्युकोझँथिन या रंगद्रव्यामुळे. मराठीत डायटमना करंडक वनस्पती असं सुरेख नाव आहे, आणि ते अगदी चपखल आहे. प्रत्येक पेशी सिलिकाच्या, म्हणजे जवळजवळ काचेच्याच, करंड्यात राहते. तळ आणि वर बसणारं झाकण. पेशी दुभंगली की दोन्ही लेकी एकेक भाग घेतात, त्याचं झाकण करतात आणि आत बसेल असा नवा तळ घडवतात. साहजिकच जिच्या वाट्याला जुना तळ येतो, तिचा करंडा आईपेक्षा लहान. असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. फारच लहान झाली की करंडा टाकून पेशी फुगते आणि पुन्हा पूर्ण मापाचा घडवते. मेलेल्या डायटमच्या करंड्यांची माती आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीन शोषायला वापरली आणि १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. ते असो.

आपला प्रश्न साधा: करंडे घडवायला सिलिका आली कुठून?

भाचा म्हणाला, वाळूतून. सगळे वाळूलाच दोष देतात. पण क्वार्ट्झची, म्हणजे सिलिकाचीच, वाळू पाण्यात इतकी हळू विरघळते, की तिच्यावर फार संशय घेण्यात अर्थ नाही. खरा संशयित घरची विहीर. आपला जांभा दगड तयार कसा होतो बघा: लाखो पावसाळ्यांत मूळ खडकातली सिलिका धुऊन जाते आणि लोह, ॲल्युमिनियम मागे उरतं. म्हणून तो लाल. धुतलेली सिलिका भूजलात उतरते, मांडवी-जुवारीतून समुद्रात जाते आणि तिथे डायटमना पोसते. तिथे ते ताटात वाढलेलं अन्न आहे. तारले डायटमवर ताव मारतात आणि आपण तारल्यांवर. चाळीस लिटरच्या टाकीत मात्र तारले नाहीत.

"पण मी आरओचं पाणी वापरलं!" हो, स्वयंपाकघरातल्या यंत्राचं. चव राहावी म्हणून अशा अनेक यंत्रांत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ठरवणारा कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. शिवाय टीडीएस मीटर विद्युतवहन मोजतो आणि पाण्यातल्या सिलिसिक आम्लावर, म्हणजे विरघळलेल्या सिलिकावर, जवळजवळ विद्युतभारच नसतो. मीटर शून्य दाखवेल, सिलिका तशीच असेल. त्यात एप्रिल-मेचा उकाडा आणि टाकीवर लावलेला पंखा. पाणी उडतं, मीठ आणि सिलिका मागे राहते. रोज तांब्याभर असं मिसळीचं पाणी टाकलं की रोज नवी भर. आरओच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे पाण्यातले उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे मणी, लावलं तर सिलिका पकडली जाते. मात्र रेझिन दमलं की सगळ्यांत आधी तीच निसटते.

नव्या टाकीत दुसरीही गोष्ट असते: जागा मोकळी असते. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू दगडांवर बस्तान बसवायला चार-सहा आठवडे घेतात. तेवढ्यात भराभर दुभंगणारे डायटम सगळी जागा बळकावतात. म्हणून पाणी फेकण्यात अर्थ नाही, आणि दगड नळाखाली धुणं तर आत्मघातच. क्लोरीनने जीवाणूच मरतील. बाजारात मिळणाऱ्या शैवालनाशकांत तांबं असलं तर पुढे शंख-गोगलगाई जगणार नाहीत.

भाच्याला एवढंच सांगितलं: नळीने थर ओढून घे, दिवा सहा-सात तासच लाव, पाणी रेझिनमधून काढून भर. तपकिरी थर बुळबुळीत दोऱ्यांसारखा लोंबायला लागला आणि त्यात बुडबुडे अडकले, तर मात्र लगेच सांग. ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट नावाचे दुसरेच एकपेशीय जीव, ते वेगळंच आणि कटकटीचं प्रकरण. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की मगच गोगलगाई सोड.

पाचव्या आठवड्यात तो दोन नेराइट गोगलगाई घेऊन आला. रात्री त्याने फोटो पाठवला. धुरकट काचेवर नागमोडी, लख्ख स्वच्छ रेघ, आणि रेघेच्या टोकाला वाटाण्याएवढा शंख.