दिवाळी अंकाची पानं लावायचं काम कुठून कुठे आलं

गणपती उठले की फ्रीलान्स डिझायनर मंडळींना फोन सुरू होतात, दिवाळी अंकाची पानं लावून द्याल का, म्हणजे मजकूर आणि चित्रं पानांवर मांडून द्याल का, मॅटर बरंचसं तयार आहे. आज हे काम एकटा माणूस घरी बसून करतो, पण मुळात ते एका माणसाचं कधीच नव्हतं, आणि हे माहीत असलं की आजचा पानामागचा रेट का परवडत नाही तेही कळतं.

१९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला म्हणून तोच धरतात. तेव्हा लेआउटवाला असा वेगळा कोणी नसायचा. कंपोझिटर खिळा न् खिळा, म्हणजे एकेका अक्षराचा शिशाचा ठसा, हाताने जुळवायचा आणि देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं वेगळी, म्हणजे इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे हाताशी लागायचे. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे नावाजलेले होते, टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करायचा खटाटोप केला तो याच त्रासापायी. पान कसं दिसणार हे बरंचसं तिथेच ठरायचं, कॉलम केवढा, दोन ओळींत शिशाची पट्टी किती जाड, चित्राचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, कुठे बसतो. रंगीत चित्रं तर वेगळी आर्ट पेपरवर छापून मग बाइंडिंगच्या वेळी फर्म्यांच्या, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या, मध्ये घालायची.

चित्रकाराची बाजू वेगळीच वाढली. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू करणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकला शिकलेले, त्यामुळे संपादकाचीच नजर पानावर होती. पुढे आले चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघंही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ पासून स्वतःचा 'दीपावली' अंक काढला, शिवाय कितीतरी प्रकाशकांची मुखपृष्ठं केली, आणि माझ्या मते आपल्या धंद्याचे खरे पूर्वज हेच, स्वतःचा स्टुडिओ टाकून अनेकांची कामं घेणारे. त्यांच्या चित्रांचं कौतुक खूप होतं, ते व्हायलाच हवं, पण शीर्षकाची अक्षरं आणि चित्र एकमेकांत कशी बसवलीत ते बघा, आजही शिकायला मिळतं.

मग ऑफसेट आलं, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरून छपाई. फोटोकंपोझिंगच्या मशीनवरून मजकुराचे ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटलेल्या प्रती, निघायचे, पेस्ट-अप आर्टिस्ट ते कापून रबर सोल्यूशनने चिकटवायचा. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी नवा शब्द काढून, ब्लेडने कापून जुन्यावर अगदी शिरोरेषेला शिरोरेषा लावून बसवायचा, जरा तिरका गेला की छापल्यावर लगेच दिसायचं.

१९८५ मध्ये पानं लावायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं, पाठोपाठ पुण्यातून सीडॅक ही सरकारी संस्था आणि मॉड्युलर कंपनीचं श्रीलिपी हे फॉन्टांचं सॉफ्टवेअर यांनी मराठी कॉम्प्युटरवर आणली आणि कंपोझिटर, पेस्ट-अपवाला, बऱ्याच ठिकाणी प्रूफं तपासणारासुद्धा, सगळे एकाच खुर्चीत आले. कामं तीन-चार, माणूस एक, आणि पैसे मात्र पानाच्या हिशोबाने एकाच कामाचे, हे तेव्हापासून सुरू झालं ते अजून तसंच आहे आणि मला ते साफ चुकीचं वाटतं.

या फॉन्टांनी अजून एक वारसा ठेवलाय. प्रत्येक कंपनीचं कोडिंग वेगळं, एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडला की नुसता कचरा. त्यात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली, म्हणजे 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या आधी, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या कोडिंगमध्ये, ती क च्या नंतर. रफाराचं याच्या उलट, जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलेल्या मजकुरात नेमके 'कार्य', 'वर्ष', 'स्थिती' असले शब्द फुटतात. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी सरळ चालायलाही २०१२ ची सीएस६ ही आवृत्ती यावी लागली, आणि आजही त्यातलं वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग लावलं नाही तर वेलांटी भलतीकडे जाते. आता मुक्तासारखे चांगले, मोफत युनिकोड फॉन्ट आहेत, तरी जुने संपादक श्रीलिपीच्याच फायली पाठवतात, वर्षानुवर्षांची सवय आहे त्यांची. म्हणून कोटेशन देताना फॉन्ट कन्व्हर्जन आणि त्यानंतरचं प्रूफ हे दोन्ही वेगळे आयटम म्हणून लिहा, पानाच्या रेटमध्ये धरू नका.