रुपया, सोनं आणि कापूस : डॉलरच्या दराची नागपुरातून दिसणारी बाजू

मे २०२४ च्या अखेरीस बातमी आली, की रिझर्व्ह बँकेनं इंग्लंडमध्ये ठेवलेलं सुमारे १०० टन सोनं मायदेशी आणलं. बँकेचं देशातलं सोनं मुंबई आणि नागपूर इथं असतं, हे त्या निमित्तानं अनेकांना पहिल्यांदाच कळलं. संविधान चौकाला अजूनही आरबीआय चौक म्हणणाऱ्या कितीतरी नागपूरकरांनाही ते ठाऊक नव्हतं. बातमीचा सूर अभिमानाचा होता आणि तो रास्तच होता. पण कधीकाळी सोनं गहाण टाकायची वेळ देशावर का आली होती, ते समजून घ्यायचं तर रुपयाच्या दराचा इतिहास पाहावा लागतो. त्या दराची किंमत विदर्भातल्या कापूस उत्पादकानं बरीच वर्षं मोजली आहे, आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

स्वातंत्र्यानंतर रुपया पौंडाला बांधलेला होता. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं, म्हणजे त्याची किंमत मुद्दाम उतरवली, रुपयाही त्यामागे गेला आणि ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास असलेला डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर पोचला. पुढे जवळपास सतरा वर्षं हा दर तिथंच राहिला. देशातली महागाई काही थांबली नव्हती. १९६२ आणि १९६५ ची युद्धं झाली, दुष्काळ पडला, परदेशी मदत आटली. अखेर ६ जून १९६६ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारनं डॉलर साडेसात रुपयांवर नेला. परकी दबावापुढे मान तुकवली म्हणून चहूकडून टीका झाली. त्याच सुमारास पुन्हा पाऊस हुकला आणि निर्यात अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. राजकारण्यांनी त्यातून एकच धडा घेतला : अवमूल्यनाचं नाव काढायचं नाही. माझ्या मते आपल्या आर्थिक इतिहासातला हा सर्वांत महाग पडलेला धडा आहे. रुपयाचा दर हे खरं तर धोरणाचं एक साधन. त्याला देशाच्या अब्रूचा प्रश्न करून टाकल्यावर त्याबद्दल मोकळी चर्चाच होईना.

चलनांचे दर डॉलरशी बांधून ठेवणारी ब्रेटन वुड्सची व्यवस्था १९७१ मध्ये मोडली, १९७५ मध्ये रुपया पौंडापासून सुटून अनेक चलनांच्या गटाशी जोडला गेला आणि ऐंशीच्या दशकात तो गाजावाजा न करता थोडा थोडा उतरवलाही गेला. तरीही आयात परवाने आणि कोट्यांच्या भिंतीआड तो खऱ्या किमतीपेक्षा महागच राहिला.

रुपया महाग ठेवल्यानं कोणाचं नुकसान होतं, हे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, उभं राहिलं की नीट दिसतं. एक क्विंटल कापूस रेचला की साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी सरकी आणि थोडी घट. या रुईचा जगातला भाव डॉलरमध्ये ठरतो, वजनाच्या एका पाउंडाला इतके सेंट असा. गाठी परदेशी गेल्या तर हाती येणारे डॉलर सरकारी दरानं रुपयांत मोडून मिळत. म्हणजे डॉलर मुद्दाम स्वस्त ठेवला, की रुईचे रुपये तेवढे कमी, आणि पर्यायानं कापसाचेही. त्यावर कापसाच्या निर्यातीला कोटा. शिवाय १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा, त्यामुळे राज्याच्या सीमेपलीकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी तिकडे कापूस नेण्याची सोय नाही. शेतकरी नेते शरद जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणत, ती हीच. हा कर कुठल्याही अर्थसंकल्पात छापला गेला नाही, त्यावर विधिमंडळात मतदान झालं नाही, तरी दर हंगामात तो वसूल होत राहिला. त्याच स्वस्त डॉलरवर परवाना मिळवून यंत्रं आणि कच्चा माल आयात करणाऱ्या उद्योगांचा फायदा झाला.

नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यानंही याची झळ सोसली. परकी चलन वाचवण्यासाठी १९६३ मध्ये सोन्यावर नियंत्रणं आली, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला. घरात सोन्याची वीट ठेवणं हा गुन्हा ठरला, कारागिरानं किती सोनं बाळगायचं त्यावर मर्यादा आल्या. सोन्याची हौस काही गेली नाही, फक्त तस्करी फोफावली. कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं.

पुढच्याच वर्षी गाडं अडलं. आखाती युद्धानं तेल महागलं, अनिवासी भारतीयांच्या ठेवी निघून गेल्या आणि १९९१ च्या मध्यावर परकी चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. चंद्रशेखर सरकारच्या काळात, मे महिन्यात, स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं बाहेर गेलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं आणखी ४७ टन सोनं गहाण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. तोवर पंतप्रधान झाले होते नरसिंह राव. १९८४ पासून ते लोकसभेत रामटेकचे खासदार होते. १९९१ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती. त्यांनी आणि डॉ. मनमोहन सिंग यांनी १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत, रुपया जवळपास १९ टक्क्यांनी उतरवला. १९६६ ची आठवण ताजी असताना हे करायला धाडस लागलं असणार. मार्च १९९३ पर्यंत दर बाजारावर सोपवला गेला. गहाणाचं कर्ज तर १९९१ संपण्याआधीच फिटलं होतं.

आपण दशकानुदशकं रुपया महाग ठेवला होता, चीननं नेमकी उलटी वाट धरली. त्यानं युआन स्वस्त ठेवला. १९९७ पासून २००५ पर्यंत डॉलरला ८.२८ चा दर जवळपास हलू दिला नाही आणि निर्यातीवर कारखाने उभे केले. २००७ मध्ये चीनच्या चालू खात्यातली, म्हणजे परदेशांशी झालेल्या व्यवहारातली, शिल्लक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या घरात होती. पण तिथल्या कुटुंबांच्या वाट्याला उत्पन्नाचा लहान हिस्सा आला, आणि त्यांचा खर्च वाढवून तोल सावरणं चीनला अजूनही जड जातंय. आपली अडचण निराळी आहे : तेल आणि सोनं बाहेरून घ्यायचं आणि विकायला पुरेसा पक्का माल नाही. २०१२-१३ मध्ये चालू खात्यातली तूट ४.८ टक्क्यांवर गेली. २८ ऑगस्ट २०१३ ला डॉलर ६८ रुपयांच्या पुढे पोचला. त्या वर्षी सरकारनं हात घातला तो सोन्यावरच. आयात शुल्क वाढत वाढत दहा टक्के झालं. सराफ्यात भाव विचारणाऱ्याला लंडनचा दर, डॉलर आणि शुल्क या तिन्हींचा एकत्र परिणाम मोजावा लागतो, हे तेव्हा सर्वांनाच उमगलं.

आज गंगाजळी भक्कम आहे. सॉफ्टवेअर आणि सेवांच्या निर्यातीनं मोठा भार उचललाय. विदर्भाचा कापूस मात्र अजूनही बराचसा गाठींच्या रूपातच बाहेर पडतो, सूत, कापड आणि कपड्याचा नफा दुसऱ्या गावांत होतो. माझ्या मते तोल सावरण्याचं खरं काम इथं बाकी आहे आणि ते रुपयाच्या दरानं एकट्यानं होणारं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. कापड उद्योगाला आधार म्हणून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं. त्या वर्षात तोवर रुपया तीन टक्क्यांच्या आसपास घसरला होता, त्यामुळे आयात कापूस महागून शेतकऱ्याला जे संरक्षण मिळायचं त्याच्या कितीतरी पट एका अधिसूचनेनं काढून घेतलं गेलं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला होता आणि पेरणी त्याच भरवशावर झाली होती. गिरण्यांना मदत हवी होती हे मान्य, पण ती तिजोरीतून द्यायला हवी होती. ऑगस्टमध्ये वर्धा आणि यवतमाळच्या शिवारात कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी झालेली असते. तेव्हा पीक बदलणं शेतकऱ्याच्या हातात नसतं.