मृत्यू आणि शोक : अमेरिकेच्या शेतकरी वस्त्यांतील जुनी रीत

अमेरिकेच्या शेतकरी वस्त्यांमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत माणूस गेला की पुढचे सगळे घरचे आणि शेजारचे लोकच करत. प्रेताला आंघोळ घालणे, रात्रभर जागणे, खड्डा खणणे, शवपेटी वाहून नेणे आणि त्या घरच्या गाईंची धार काढणे ही सगळी कामे त्यांच्याकडे असत. पेटीचे पैसे सुताराला द्यावे लागत, तेही रोख नसले तर धान्यात किंवा मजुरीत. देश अफाट असल्यामुळे ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागाची रीत वेगळी, अ‍ॅपलाचियन डोंगरांतली वेगळी, पश्चिमेच्या झाडे नसलेल्या मैदानांतली आणखी वेगळी. पण शोक म्हणजे आधी हातांनी करायचे काम, हे सगळीकडे सारखेच होते.

इंडियानातील लिटल पिजन क्रीक ही अशीच एक वस्ती. १८१६ च्या हिवाळ्यात टॉमस लिंकन केंटकी सोडून बायको आणि दोन मुलांसह इथे आला. जंगल तोडून थोडी जमीन मोकळी होते न होते तोच १८१८ च्या पानगळीत वस्तीत ‘दूधरोग’ शिरला. शेजारच्या ब्रूनरांची बाई गेली. टॉमसची बायको नॅन्सी हिला वाढवणारी मावशी एलिझाबेथ स्पॅरो आणि मावशीचे यजमान गेले. ५ ऑक्टोबरला नॅन्सीही गेली, वय ३४. टॉमसने ओंडका करवतून फळ्या काढल्या आणि पेटी बनवली. फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या अब्राहमने चाकूने तासून दिल्या, अशी आठवण त्या कुटुंबात सांगत. हाच मुलगा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, म्हणून ही हकीकत टिकली. पण आईच्या पेटीसाठी खुंट्या तासणारी पोरे त्या काळी घरोघर असणार. नॅन्सीला घराजवळच्या टेकाडावर पुरले. वस्तीत पाद्री नव्हता. डेव्हिड एल्किन नावाचे उपदेशक काही महिन्यांनी केंटकीहून आले, तेव्हा कुठे तिच्या थडग्यापाशी प्रवचन झाले.

तिच्यामागे अकरा वर्षांची मुलगी सारा चूल सांभाळू लागली. डिसेंबर १८१९ मध्ये टॉमस केंटकीला जाऊन तीन मुलांच्या एका विधवेशी लग्न करून आला. आज ही घाई खटकते. पण स्वयंपाक, सूत, दूधदुभते, कोंबड्या आणि मुले सांभाळणारी बाई नसेल तर शेत एक हंगामही तग धरत नसे. अशा घाईच्या लग्नांवरून त्या माणसांना दुःख कमी होते असे मानणे अन्यायाचे आहे.

दूधरोगाचे कारण रानात उगवणारे पांढऱ्या फुलांचे ‘व्हाइट स्नेकरूट’ हे झुडूप. कुरणे वाळली की गाई रानात शिरत आणि ते खात. त्यातले विष दुधात उतरे आणि दूध पिणारा मरे. शॉनी जमातीच्या एका बाईने इलिनॉयमधल्या ॲना बिक्सबी या सुईणीला हे झुडूप दाखवले, असे सांगतात. विज्ञानाचे शिक्कामोर्तब मात्र १९२८ मध्ये झाले. तोवर आई मुलाला प्रेमाने जे पाजत होती, त्यातच मरण होते.

बाकी मरणे क्षय, हगवण, स्कार्लेट फीव्हर आणि बाळंतपण यांची. त्याशिवाय पडणारे झाड, घोड्याची लाथ, उघडी विहीर, चुलीजवळ पेटलेला झगा. मुलांचा काळ म्हणजे घटसर्प. १७३५ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या किंग्स्टन गावापासून त्याची जी साथ पसरली, तिने कित्येक घरांतली सगळीच्या सगळी मुले नेली. मार्था बॅलार्ड या बाईंच्या तीन मुली १७६९ च्या उन्हाळ्यात घटसर्पानेच गेल्या, तेव्हा त्यांना आठवा महिना चालू होता. या बाई पुढे मेन प्रांतातल्या हॅलोवेल गावी सुईण झाल्या. १७८५ ते १८१२ अशी २७ वर्षे त्यांनी रोजनिशी लिहिली आणि त्या काळात ८१६ बाळंतपणे केली. गावातल्या प्रेतांची तयारीही त्याच हातांनी केली. सुईण जन्माला जशी बोलावली जाई तशी मरणालाही.

ही तयारी म्हणजे अनुभवी बायकांचे काम. आधी डोळे मिटवून पापण्यांवर नाणी ठेवायची. हनुवटीखालून फडके घेऊन डोक्यावर गाठ मारायची, नाहीतर जबडा उघडाच राहतो. घोटे एकमेकांना बांधायचे. मग कोमट पाण्याने अंग पुसून केस विंचरायचे आणि शवाची चादर किंवा चांगला पोशाख चढवायचा. अंग ताठ होण्याआधी हे उरकावे लागे, म्हणून निरोप आला की बाई हातातले काम टाकून निघे. प्रेत दोन खुर्च्यांवर टेकवलेल्या फळीवर ठेवत. उन्हाळ्यात फळीखाली बर्फ असे, आणि चेहरा काळवंडू नये म्हणून व्हिनेगर किंवा कापूर घातलेल्या पाण्यात भिजवलेले फडके तोंडावर घालून ते पुन्हा पुन्हा ओले करत. रात्री दोघे-तिघे जागत. मांजर, उंदीर यांच्यापासून राखण करायची आणि माणूस खरोखरच गेला आहे ना, यावर नजर ठेवायची. विटाळाची कल्पना इथे नव्हती; शेजारणी थेट त्याच घरात शिरून चूल पेटवत.

दरम्यान सुतार काठीने प्रेताचे माप घेऊन जाई. टेबले आणि पाळणे बनवणारा तोच पेट्याही बनवी. अशा सुतारांच्या जमाखर्चाच्या वह्यांत पाळणा आणि शवपेटी शेजारशेजारच्या ओळींत सापडतात. पेटी बहुधा पाइनची, खांद्यापाशी रुंद आणि पायाकडे निमुळती. मैदानी मुलखात लाकूडच नसे, तिथे गाडीच्या तळाच्या फळ्या उखडून पेटी करत. न्यू इंग्लंडमध्ये चर्चची घंटा वाजे. कित्येक गावांत पुरुषाला नऊ, बाईला सहा आणि मुलाला तीन ठोके, मग वयाइतके ठोके सावकाश. शेतात नांगर थांबवून लोक मोजत आणि आकड्यावरून कोण गेले ते ओळखत. घरातले घड्याळ बंद करत, आरसा झाकत. मधमाश्यांची पोळी असतील तर त्यांना जाऊन धनी गेल्याचे सांगत आणि पोळ्यांवर काळे कापड टाकत. न सांगितल्यास माश्या उडून जातात, अशी समजूत होती. मॅसॅच्युसेट्सच्या शेतावर वाढलेले कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर यांनी १८५८ मध्ये या रीतीवर कविता लिहिली.

खड्डा शेजारचे पुरुष खणत, पाय पूर्वेकडे करून, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी माणूस उगवतीकडे तोंड करून उठेल. उत्तरेत जमीन गोठली की कुदळ चालत नसे, मग पेटी गावच्या दगडी तळघरात वसंतापर्यंत ठेवत. घरच्यांना तेच मरण दोनदा सोसावे लागे. डोंगराळ दक्षिणेत फिरते पाद्री क्वचित येत, त्यामुळे पुरणे आज आणि प्रवचन कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी. तेव्हा मधल्या काळात गेलेल्या सगळ्यांचे प्रवचन एकदम होई. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांत पुरून आल्यावरच्या जेवणात मनुका भरून भाजलेला ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ ठरलेला असे. ताजी फळे ऋतूप्रमाणे मिळत, मनुका मात्र कपाटात कायम असत, आणि मरण ऋतू पाहून येत नाही. त्या पदार्थाला ‘फ्युनरल पाय’ असेच नाव पडले.

शोक बोलून दाखवायची सवय या लोकांना कमी. शेतकऱ्याच्या रोजनिशीत पाऊस, गवताची कापणी आणि मुलाचे मरण एकाच ओळीत येते. त्या ओळीला कोरडी म्हणू नये, लिहिणाऱ्याने ती लिहिली हेच पुष्कळ. पत्रांत मात्र शेवटचे शब्द तपशिलाने कळवत, कारण माणूस देवाच्या इच्छेला मान तुकवून शांतपणे गेला का, हे दूरच्या नातलगांना जाणून घ्यायचे असे. पत्रात केसांची बट येई. अशा बटा तारेवर गुंफून बायका फुलांची वेल करत आणि ती काचेच्या चौकटीत बैठकीत लावत. १८३९ नंतर छायाचित्र आले. पुष्कळ मुलांचे एकुलते एक चित्र मेल्यावर काढलेले आहे. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या बाळाला ठेवण्याची चाल एकोणिसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. विधवेच्या काळ्या पोशाखाला शेतावर पैसा नसे, म्हणून असलेलाच झगा काळा रंगवून घेत.

ही शेजारधर्माची गोष्ट दक्षिणेतल्या मळ्यांवर तशीच्या तशी सांगता येत नाही. तिथले गुलाम दिवसभर राबून रात्री मशालींच्या उजेडात आपली माणसे पुरत, कारण दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. थडग्यावर शिंपले आणि मृताने वापरलेली, मुद्दाम फोडलेली भांडी ठेवत. त्यांच्या थडग्यांवर कोरीव दगड क्वचितच आढळतो.

यादवी युद्धाने (१८६१–६५) ही चौकट मोडली. शेतावरचा मुलगा शेकडो मैलांवर मेला. त्याला धुवायला आई नव्हती आणि पुरायला शेजारी नव्हता. ज्यांना परवडले त्यांनी प्रेत औषधे भरून रेल्वेने मागवले, बाकीच्यांनी रिकाम्या जागेवर दगड उभा केला. प्रेत टिकवण्याची कला युद्धानंतर धंदा बनली, १८८२ मध्ये अंत्यसंस्कार करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना निघाली. खेड्यांत घरची रीत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापर्यंत रेंगाळली, मग मोटार आणि पक्का रस्ता यांनी प्रेत शहरातल्या दुकानी नेले. जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांत आजही शेजारी गोठा सांभाळतात, खड्डा हाताने खणतात आणि बायका जवळच्या माणसासाठी वर्षभर काळे नेसतात.

शेताच्या कडेची घरगुती दफनभूमी हा या साऱ्याचा उरलेला पुरावा. ती बहुधा उंचवट्यावर असे. शेत विकताना खरेदीखतात तेवढा तुकडा राखून ठेवत. लहान मुलांच्या दगडावर कोकरू कोरलेले असे, गरिबांचा दगड म्हणजे शेतातलाच धोंडा, नाव नसलेला. थडग्यांवर पेरिविंकलची सदाहरित वेल लावत. दगड बुजले, वंश दुसरीकडे गेला, तरी वेल पसरत राहते. जुन्या दफनभूमी शोधणारे संशोधक हिवाळ्यात पाने झडलेल्या रानात हिरवा तुकडा दिसला की तिथे थांबतात आणि जमिनीत खोलगट खुणा शोधू लागतात, पूर्व-पश्चिम, एकीशेजारी एक, काही अगदी आखूड.