ड्रम मशीन व घरगुती ध्वनिमुद्रण (कोल्हापूर)

ड्रम मशीन : तालवाद्यांचे आवाज स्वतः निर्माण करून ते ठरवून दिलेल्या क्रमाने वाजविणारे विद्युत्‌वाद्य. वाद्यवृंदांत याला ‘रिदम मशीन’ असेही म्हणतात. हे यंत्र संगणकावरील ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरला जोडून घरीच गाणे मुद्रित करण्याच्या पद्धतीचा विचार येथे केला आहे.

आद्य ड्रम मशीन कोणते, याविषयी मतभेद आहेत. रशियन संशोधक लेऑन थेरेमिनने अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेलसाठी १९३१ च्या सुमारास तयार केलेल्या ऱ्हिदमिकॉनला काही अभ्यासक हा मान देतात; परंतु त्यातून स्वरयुक्त आवर्तने निघत, चर्मवाद्याचा आवाज नव्हे. चेंबरलिनचे रिदमेट (१९४० च्या दशकाची अखेर) फितीवर आधीच मुद्रित केलेला ताल पुन्हा ऐकवी. वुर्लिट्झर कंपनीच्या साइडमनमध्ये (१९५९) फिरत्या चकतीवरील संपर्कबिंदू क्रम ठरवीत आणि आवाज निर्वात नलिकांच्या मंडलांतून येई. ठोक्याचा क्रम व ठोक्याचा नाद येथे वेगळे झाले. पुढील यंत्रे याच तत्त्वावर उभी असल्याने वंशावळ साइडमनपासून धरणे अधिक युक्त वाटते. १९८० मध्ये आलेल्या रोलँड टीआर-८०८ ने विद्युत्‌मंडलांतून नाद घडविला, तर त्याच वर्षीच्या लिन एलएम-१ ने खऱ्या ड्रमचे मुद्रित नमुने वापरले.

यंत्र व संगणक यांची सांगड १९८३ च्या मिडी (वाद्ये व संगणक यांनी परस्परांना संकेत पाठविण्याच्या) प्रमाणामुळे सुकर झाली. मिडीचा क्लॉक, म्हणजे लय जुळविणारा संकेत, टेम्पोचा आकडा पाठवीत नाही. तो प्रत्येक ठोक्यामागे २४ स्पंद पाठवितो व घेणारे उपकरण त्यांवरून लय ओळखते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन स्पंदांतील अंतर सुमारे २०.८ मिलिसेकंद असते आणि यंत्राची एक स्टेप (क्रमातील एक घर, म्हणजे पाव ठोका) ६ स्पंदांची. संगणक एकाच वेळी अनेक कामे करीत असल्यामुळे त्याने पाठविलेले स्पंद थोडे पुढेमागे होतात आणि ठोका डळमळतो. म्हणून यंत्रालाच मास्टर (क्लॉक पाठविणारे उपकरण) ठेवावे, असे एक मत आहे. मुद्रित केलेला भाग नंतर तुकड्यांत बदलायचा असेल, तर सॉफ्टवेअरकडे लय ठेवणे सोयीचे पडते. दोहोंवर एकच टेम्पो लावून क्लॉकविना वाजविणे मात्र टाळावे : दोन्ही उपकरणांच्या अंतर्गत घड्याळांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी ५ मिनिटांत १५ मिलिसेकंदांची तफावत पडते आणि ती कानाला जाणवू लागते. बफरचा, म्हणजे संगणक ध्वनी क्षणभर साठवून ठेवतो त्या साठ्याचा, विलंब निराळा. ४४,१०० हर्ट्‌झला २५६ नमुन्यांचा (ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांचा) बफर ५.८ मिलिसेकंद खातो. तो कायम सारखाच असल्याने मुद्रित ट्रॅक तेवढाच मागे सरकवून भरून काढता येतो. स्पंदांच्या डळमळीला असा उपाय नाही.

कोल्हापुरात या यंत्राची एक सोय विशेष मोलाची ठरते. जून ते सप्टेंबर पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसात मायक्रोफोन लावून तालवाद्य मुद्रित करणे जिकिरीचे असते. यंत्र थेट तारेने जोडलेले असल्याने पावसाचा आवाज त्यात उतरत नाही. लॅपटॉप व यंत्र वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर ५० हर्ट्‌झची घरघर येऊ शकते. दोन्ही एकाच बोर्डावर घेतल्यास बहुधा ती जाते.

तालाच्या मांडणीत यंत्राची १६ स्टेपची चौकट धुमाळीच्या ८ मात्रांना मात्रेमागे २ स्टेप या हिशेबाने नेमकी बसते. दादऱ्यासाठी शेवटची स्टेप १२ वर, रूपकासाठी १४ वर आणावी लागते. अडचण येते ती हलगीत. कुस्तीच्या मैदानात हलगीची लय पकडीबरोबर चढत जाते, आणि खासबागेत हे ज्याने ऐकले आहे त्याला स्थिर टेम्पोवर वाजविलेली हलगी निर्जीव वाटेल. अशा वेळी हलगी आधी मोकळी वाजवून मुद्रित करावी, सॉफ्टवेअरमध्ये मात्रेमात्रेवर खुणा करून टेम्पोचा नकाशा काढावा आणि त्या नकाशाचा क्लॉक ड्रम मशीनला द्यावा. यात यंत्र हलगीमागून चालते.